कवडूची अर्धी भुवई

लाखनीत महामार्गाच्या कडेला फ्लेक्स छापण्याचे जे दुकान आहे, तिथे येणाऱ्या प्रत्येकाला आपला चेहरा मोठा करून हवा असतो. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली, निमित्त कुठलेही असो, मागणी तीच. दामिनी त्या दुकानात तीन वर्षांपासून संगणकापुढे बसत होती. मराठीत एम.ए. करून माणूस अखेर कुठे पोचतो, असे कोणी विचारले तर ती शाईचा उग्र वास मारणाऱ्या त्या खोलीकडे नुसते बोट दाखवी. दिवसभर तिच्या बोटांखालून गॉगल घातलेले, हात जोडलेले, कानाशी मोबाइल धरलेले चेहरे जात, आणि ती त्यांना ताणून भिंतीएवढे करी. चेहरा वाढे, त्यात असलेले मात्र काही वाढत नसे. ही गोष्ट तिला रोज नव्याने दिसे आणि रोज तिला तिचे नव्याने हसू येई. ते हसू ओठांपर्यंत कधी येत नसे, एवढेच.

दिवाळीच्या तोंडावर एकोडीच्या मंडई समितीचा अध्यक्ष चंद्रकुमार दुकानात आला. मागे एक म्हातारी होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत रुमाल, रुमालात गुंडाळलेला जुना बटणांचा फोन.

"मॅडम, आपल्या कवडूबुवाचं बॅनर करायचं आहे," चंद्रकुमार खुर्ची ओढत म्हणाला. "औंदा मंडईचा मंच त्याच्या नावानं. माथ्यावर मोठा फोटो पायजे त्याचा. आन् बाजूले माया फोटो, नमस्कार करतानाचा. माया तं तुमच्याकडे असनच."

असणारच होता. चंद्रकुमारचा नमस्कार दामिनीने इतक्या वेळा छापला होता की त्याच्या अंगठीतला खडा तिला पाठ झाला होता.

कवडू उन्हाळ्यात वारला होता. दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, तिच्यात सोंगे घेऊन दंडार नाचते. त्या दंडारीत चाळीस वर्षे तो राणीचे सोंग घेत आला होता. लुगडे नेसून, नथ घालून, पायांत चाळ बांधून तो उभा राहिला की बाया पदराआडून आपापली चाल तपासत, असे सांगतात. म्हातारी त्याची बायको, रंभाबाई. तिने फोन पुढे केला. दंडार संपल्यानंतरचा, साऱ्या नाचणाऱ्यांचा एकत्र फोटो होता. राणी मागच्या रांगेत होती, आणि तिचा चेहरा करंगळीच्या नखापेक्षा लहान.

"दुसरा नाही का, मावशी?" दामिनीने विचारले.

"आधार कार्डाचा आहे ना!" चंद्रकुमार म्हणाला.

"थो नोको." रंभाबाई पहिल्यांदा बोलली. "त्याच्यात थे ठाण्यात बसवल्यावानी दिसते. हाच पायजे. याच्यात थे हासून राहिले."

दामिनीने पडद्यावर तो चेहरा जवळ ओढला. हसू कुठे दिसत नव्हते. तपकिरी, काळ्या, पिवळ्या चौकोनांचा एक मूठभर ढीग होता. रडक्या आवाजात अशक्य गोष्ट मागणारी गिऱ्हाइके तिने पुष्कळ पाहिली होती. हीही त्यांतलीच, असे तिने मनाशी ठरवून टाकले आणि परवा यायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा मालक सचिन तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्याने नुकतेच एक नवे सॉफ्टवेअर आणले होते आणि त्याच्याविषयी तो घरात नवी सून आल्यासारखे बोलत असे.

"त्याच्यात टाका मॅडम. मुर्दाही उठून बसते."

"आधी बाकीच्या पद्धतींनी करून पाहते," ती म्हणाली.

"पाहा. तुमाले टाइमपास करायची सवयच आहे."

तिला टाइमपास करायचा नव्हता. तिला फोटो मोठा करायच्या चारही पद्धतींना शेजारी शेजारी उभे करून त्यांची लाज पाहायची होती. कारण फोटो मोठा करणे म्हणजे काय, हे या धंद्यात कोणी कोणाला विचारत नाही. चेहरा नखाएवढा असतो तेव्हा त्यात मोजके ठिपके असतात. त्याला भिंतीएवढा केला की ठिपक्यांमध्ये मोकळी जागा पडते, आणि त्या जागेत काय होते हे फोटोला ठाऊक नसते. कॅमेऱ्याने ते पाहिलेलेच नसते. तेव्हा सगळा प्रश्न इतकाच उरतो की जे ठाऊक नाही त्याच्या जागी भरायचे काय. आणि या एका प्रश्नावर सगळ्या पद्धती आपापले शील दाखवून मोकळ्या होतात.

पहिली पद्धत सर्वांत जुनी आणि सर्वांत अडाणी. तिला मोकळी जागा दिसली की ती शेजारच्या ठिपक्याचा रंग उचलून तिथे जसाच्या तसा थापते. तिच्या हाती कवडूचा चेहरा म्हणजे वीटभट्टीवर रचलेली थप्पी झाला होता. दुसरी पद्धत दोन शेजाऱ्यांचा सरासरी रंग काढते. काळ्या आणि पांढऱ्याच्या मध्ये ती करडा बसवते आणि समेट झाला म्हणून हात झटकते. तिने नाक आणि गाल यांच्यात असा काही समेट घडवला होता की चेहऱ्याची आंबील होऊन गेली. शांतता समितीच्या बैठकीत बसलेल्या प्रतिष्ठितांचे तोंड असेच दिसते, असे दामिनीला वाटले. तिसरी शिकलेली. ती आजूबाजूच्या ठिपक्यांची चौकशी करते, रंगांचा चढउतार अजमावते, त्यातून वळणदार रेघ काढते आणि कडांना धार आणते. त्या धारेपायी कवडूच्या नथीभोवती पांढरी किनार उमटली होती, जी कधी नव्हतीच. विद्यापीठात असे प्राध्यापक तिला शिकवायला होते. कवितेत जे सापडत नसे त्याची कड ते फार रेखीव काढत.

आणि चौथी, सचिनची लाडकी. तिने म्हणे लाखो चेहरे पाहिलेले होते. दामिनीने बटण दाबले. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली आणि चौकोनांचा ढीग निमूट बाजूला होऊन त्याच्या जागी एक बाई हसली.

गोरी. तुकतुकीत. डोळ्यांच्या पापण्या मोजून घ्याव्यात इतक्या सुट्या. भुवया कोरलेल्या, दात जाहिरातीतले, गालांवर जणू दूध सांडलेले. एकोडीच्या धानाच्या बांध्यांत चिखल तुडवलेल्या, साठी ओलांडलेल्या पुरुषाचा त्या तोंडावर मागमूस नव्हता. लुगडे पाहून यंत्राने ठरवून टाकले होते की ही बाई, आणि बाई म्हटल्यावर कशी असायला हवी हे त्याला लाखो चेहऱ्यांनी आधीच पढवले होते. मोकळ्या जागेपुढे ही पद्धत क्षणभरही थबकली नव्हती. 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द तिच्या भाषेत नव्हतेच. दामिनी त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. तिला त्याचा राग आला नाही. रस्त्यात कोणी ओळख नसताना खांद्यावर हात ठेवावा तशी किळस आली.

ठरल्या दिवशी चंद्रकुमार आणि रंभाबाई आले. दामिनीने चारही चेहरे पडद्यावर एका रांगेत मांडले. चंद्रकुमार आणि सचिन दोघांनी पडद्याच्या काचेला नाक लावले.

"हे पहिलं काय आहे? फरशी बसवली का तोंडावर?" चंद्रकुमार हसला.

"आन् हे दुसरं पाहा भाऊ, मोतीबिंदू झालेल्याले दिसते तसं," सचिन म्हणाला. "म्हणून म्हणतो, चौथं पाहा. याले म्हणते क्लिअर!"

"अरे वा! क्या बात है! हे तं लयच क्लिअर आहे बे." चंद्रकुमारने मागे वळून हाक मारली. "काकी, या पुढे. पाहा तुमचा म्हातारा कसा दिसून राहिला."

रंभाबाई पुढे आली. तिने पदराने डोळे पुसले आणि पुष्कळ वेळ पाहिले.

"हे कोन होय?"

"कोन म्हंजे? कवडूबुवा!"

"माये नवरे?"

"मंग काय माये?" चंद्रकुमार खोखो हसला. सचिनही हसला, कारण हसणारा गिऱ्हाईक होता.

रंभाबाईने एक बोट हळूच उचलले आणि त्या गोऱ्या बाईच्या उजव्या भुवईवर ठेवले. "इथं भवई नोहती त्यायले. अर्धीच होती. लहानपनी गोऱ्ह्याचं शिंग लागलं, तवापासून तिथं केसच नाही आला. दंडारीले जायच्या आधी मी काजळानं भरून देत होती. पन थे टिके कुठं? नाचून नाचून घामानं पुसून जाये. दंडार संपली का अर्ध्या भवईनं हासत घरी येत."

"मंग बरंच झालं ना, काकी!" चंद्रकुमार म्हणाला. "तुमचं काम मशीननंच करून देल्लं. आता घामानं पुसाचीही भीती नाही."

"मी भरत होती," ती म्हणाली. "याले कोनं सांगलं भराले?"

सचिनने तिला समजावून सांगितले की हे बुद्धीचे सॉफ्टवेअर आहे, ते अमेरिकेत चालते, ते चुकत नाही, आणि फोटोत जे दडलेले असते तेच ते वर काढते. रंभाबाई ऐकत राहिली. पडद्यावरचा चेहरा तिच्याकडे पाहून न थकता हसत होता. हळूहळू तिच्या नजरेतला विरोध सैल पडला. आधी तिने बोट खाली घेतले, मग मान.

"असन, बापा," ती म्हणाली. "तुमी शिकलेले. मीच इसरली असन. लय दिवस झाले नाही का आता."

उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत, एवढेच ते दिवस! या क्षणापर्यंत दामिनीला हा सगळा प्रकार नेहमीचाच वाटत होता, कुरूपतेच्या रोजच्या मालात आणखी एक नग. आता मात्र तिला दिसले की या खोलीत एका बाईच्या डोळ्यांतून तिचा नवरा काढून घेतला जात आहे, आणि ती त्याबद्दल माफीही मागत आहे. हे तोंड मंचावर चढले, गावाने त्याला हार घातला, की चार दिवसांत तिच्या आठवणीतही तेच जाऊन बसेल. मोकळी जागा भरायची कला यंत्रापेक्षा माणसाला कमी अवगत नसते.

"भाऊ, हे कवडूबुवा नोहेत," दामिनी म्हणाली. "लहान छापू. जेवढं आहे तेवढंच."

"लहान?" चंद्रकुमारने तिच्याकडे असे पाहिले जणू तिने त्याचाच फोटो लहान करायला काढला होता. "मंचाच्या माथ्यावर पोस्टाचं तिकीट लावू का मंग?"

"मॅडमले कवितेचा शौक आहे, भाऊ," सचिन म्हणाला. "तुमी मनावर नोका घेऊ. क्लिअर पायजे ना? क्लिअर भेटन."

दुपारी बॅनर छापले. गोरी राणी डावीकडे, नमस्कार करणारा चंद्रकुमार उजवीकडे, आणि खरे सांगायचे तर नमस्कार जरा मोठाच. गुंडाळी करून चंद्रकुमारने ती गाडीत टाकली आणि साकोलीला कोणाकडे तरी जेवायला निघून गेला. रंभाबाईला तो गाडीत घेऊन आला होता. परत न्यायचे त्याला आठवले नाही. ती पिशवी सावरत रस्ता ओलांडून समोरच्या थांब्यावर एस.टी.ची वाट पाहत बसली.

यंत्राच्या रोलवर शेवटचा तुकडा उरला होता, दाराएवढा. असे तुकडे पावसाळ्यात सरपणावर झाकायला लोक मागून नेतात. दामिनीने त्याच्यावर पहिल्या पद्धतीचा, त्या अडाणी, ठोकळेबाज पद्धतीचा चेहरा छापला. का, ते तिला नीट सांगता आले नसते. त्यात कवडू दिसेल असे तिला मुळीच वाटत नव्हते. तिला फक्त सचिनचे तोंड पाहायचे होते. शाई वाळावी म्हणून तिने तो तुकडा शटरच्या आकड्याला बाहेर टांगला. काडेपेटीएवढे चौकोन, शेणाच्या, विटांच्या, हळदीच्या रंगाचे.

सचिन बाहेर येऊन थबकला. "हे काय? कोनाच्या बाथरूमची ऑर्डर आहे?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात पलीकडून हाक आली. महामार्गावर ट्रकांची रांग लागली होती. धानाच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक गेला, मग टँकर गेला, आणि त्यांच्यामधल्या फटीत थांब्यावरची म्हातारी उभी असलेली दिसली. ती हात हलवत होती. दामिनीला आधी वाटले, बाईचे काही विसरले असेल. पण रंभाबाई तिच्याकडे पाहत नव्हती.

वाट मोकळी होताच ती रस्ता ओलांडू लागली. अर्ध्या रस्त्यात तिची पावले मंदावली. दुकानाच्या पायरीशी आली तेव्हा तिचा चेहरा गोंधळून गेला होता. तिने एका चौकोनाला हात लावून पाहिला, मग दुसऱ्याला, जसे अंधारात भिंत चाचपावी.

"आत्ता तं होते इथं," ती म्हणाली. "कुठं गेले?"

"इथं कोनी नोहतं, मावशी," सचिन म्हणाला.

रंभाबाईने त्याच्याकडे दुर्लक्ष केले. ती मागे सरकू लागली, तुकड्यावरची नजर न काढता, एकेक पाऊल, वाहनांची पर्वा न करता. दामिनी धावत जाऊन तिचा दंड धरून तिला पलीकडे घेऊन गेली.

"पाहा," म्हातारी म्हणाली. "पाहा वं बाई, इथून."

दामिनीने वळून पाहिले.

चौकोन एकमेकांत विरघळले होते. रस्त्याची रुंदी मध्ये आली होती आणि जे काम चार पद्धतींपैकी एकीलाही जमले नव्हते ते त्या नुसत्या अंतराने करून टाकले होते. तिथे एक थकलेला, घामाने निथळलेला, पदर ढळलेला पुरुष उभा होता आणि हसत होता. उजव्या डोळ्यावर भुवई निघत होती आणि मध्येच थांबत होती. ती थांबलेली जागा एका चौकोनाची होती. पडद्यावर दामिनीने तो चौकोन पाहिला होता, मळ समजून. तीन वर्षे ती रस्त्यावर टांगायचे चेहरे काचेला नाक लावून घडवत आली होती, आणि त्यांतला एकही पाहायला तिने कधी रस्ता ओलांडला नव्हता. तिने आजवर ज्यांना तुच्छ मानले त्यांच्या नाकाशेजारीच तिचेही नाक होते. हे तिला त्या क्षणी दिसले, आणि अजिबात आवडले नाही.

"भराले गेलीच नाही ही," रंभाबाई त्या तुकड्याकडे बोट करून म्हणाली, जणू त्या पद्धतीला ती माणूस म्हणून ओळखत होती. "भवई जशी होती तशी ठेवली. हा मले देजो, बाई."

सचिनने तुकडा देऊन टाकला. कचरा जात होता, त्याची काही तक्रार नव्हती.

मंडईला रंभाबाईने दामिनीला आग्रहाने बोलावले होते. ती पोचली तेव्हा ऊन कलते होते. शिंगाड्यांचे ढीग, जिलबीची कढई, फुगे, चाळांचा आवाज. धान कापून झालेले होते आणि मोकळ्या बांध्यांपलीकडे धानाच्या पेंढ्यांची पुंजणी रचून उभी होती. मंचाच्या माथ्यावर ती गोरी राणी हसत होती. तिच्याखाली पोरे मोबाइल उंच धरून फोटो काढत होती.

"कोन हिरोईन आहे बे?"

"रातच्या नाटकाची असन. वडश्याची कंपनी आहे ना."

"वडश्याची नोहे, रायपूरची. रंग पाहा ना तिचा."

"आन् बाजूचा थो? हिरो का?"

"थो तं आपला अध्यक्ष होय बे! याचं जमलं वाटते." एकाने शीळ घातली.

चंद्रकुमारने भाषण केले. कवडूबुवांनी कलेसाठी आयुष्य वेचले, आणि अशा माणसाचा चेहरा नव्या पिढीपुढे स्पष्ट यावा म्हणून समितीने खास नव्या तंत्राने, असे तो बोलत असताना दंडारीत ढोलकी वाजवणारा म्हातारा तेजराम मंचाकडे पाठ करून उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा. मग आणखी दोघे. चाळ बांधलेल्या पायांचा तो सगळा घोळका एकेक करून वळला आणि बांध्यांपलीकडे पाहू लागला. तिथे रंभाबाईचे घर होते. घराच्या भिंतीवर तो दाराएवढा तुकडा ठोकलेला होता, आणि पश्चिमेचे ऊन सरळ त्याच्यावर पडले होते.

"पाहून राहिला रे बुढा," तेजराम म्हणाला.

"भवई गेली पाहा घामानं."

"आज काजळ लवकर पुसलं." तेजरामने ढोलकीवर थाप मारली आणि भिंतीच्या दिशेने जरासा वाकला. दंडार मंचापुढे नाचायची होती. ती त्या भिंतीकडे तोंड करून, मंचाकडे पाठ ठेवून सुरू झाली.

चंद्रकुमार माइक धरून काही क्षण बोलत राहिला. मग त्याच्या लक्षात आले की समोर पाठीच आहेत.

"काय पाहून राहिले बे तिकडे?"

"कवडू आहे," कोणीतरी म्हणाले.

"कवडू तं इथं आहे!" त्याने आपल्या डोक्यावरच्या बॅनरकडे बोट दाखवले. कोणी पाहिले नाही. तेव्हा तो मंचावरून उतरला आणि धोतराचा सोगा हातात धरून तरातरा बांध्यांतून चालू लागला. कापलेल्या धानाची खुंटे त्याच्या नव्या बुटांखाली कडकड मोडत होती. दामिनी पाहत होती. तो जसजसा पुढे जात होता तसतशी त्याची मान पुढे ताणली जात होती, पडद्यासमोर ताणली गेली होती तशीच. अंगणात पोचला तेव्हा तो भिंतीपासून हातभर अंतरावर होता. तिथून त्याचा आवाज पार मंडईपर्यंत आला.

"कुठं आहे बे कवडू? इथं तं नुसते ठोकळे आहेत!"

दारात बसलेली रंभाबाई त्याला काहीतरी म्हणाली. इतक्या लांबून शब्द कळले नाहीत, पण तिचा हात दिसला, मागे सरक म्हणून हलणारा. मागे सरकायची चंद्रकुमारला सवय नव्हती. त्याने खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि तो आणखी एक पाऊल पुढे गेला.